आम्रपालीची उजवी बाजू

हॅलो?

हॅलो... कोण? ...ताई? अगो बोल ना, मी विमलाच. स्टुडिओतच आहे. ...आवाज लांबून येतोय कारण कानात ती वायर घातलीय. हात मोकळे नाहीत माझे.

काय? ...सावकाश बोल.

हो.

हो, आहे. माझ्याकडेच आहे.

अगो ऐक ना... शालनताई, आधी ऐक. तुझी लेक धडधाकट आहे. माझ्यासमोर स्टुलावर बसलीय. सकाळच्या एसटीने आली रत्नागिरीला. ...चिपळूणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते सांगून अलोऱ्याहून निघाली, हे मला ती इथे पोचल्यावर कळलं. ...मी नाही बोलावली. बोलावली असती तर तसं सांगितलं असतं, मला कुणाची भीती आहे?

जेवली. तांदळाची भाकरी नि बांगड्याचं तिखलं. माझ्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्लीन.

आत्ता? ...आत्ता फोटो काढतेय तिचा.

...

हॅलो? ताई? आहेस ना?

कसला फोटो म्हणजे? तिचा. तोंडाचा. ...हो, आत्ता आहे त्या तोंडाचा. दुसरं कुठून आणू?

नाही, ती ऐकत नाहीये तुझं. वायर माझ्या कानात आहे. मी बोलते तेवढंच तिला ऐकू जातं. ...हसतेय. म्हणते, आईला सांग मी पळून नाही गेले.

आमू, हनुवटी वाईच खाली. ...तुला नाही गो, तिला सांगतेय. ...बास, तिथेच राहा.

हां, बोल.

ताई, मला कशाला सांगतेस? लोट्याला कंपनीत तो ॲसिडच्या पाइपाचा जोड सुटला, त्यानंतर मुंबईच्या हॉस्पिटलात तुझ्या बरोबरीने जागलेय मी. मला ठाऊक आहे काय झालंय नि कुठपर्यंत झालंय. मान, गाल, कानाची पाळी. ...हो, हो. ...डोळा वाचला हे नशीब, हे पण ऐकलंय. शंभरदा.

डावीकडून? ...नाही.

नाही म्हटलं ना. मी नाही म्हणतेय असं नाही, तीच नको म्हणते. तिला सरळ बसायचंय, कॅमेऱ्यासमोर. उजवी बाजू पूर्ण दिसेल अशी. आणि ओढणी तिने आल्या आल्या काढून खुर्चीवर टाकलीय.

तिची मर्जी. ...सत्तावीस वर्षांची आहे ती. बीएस्सी केमिस्ट्री आहे.

उजेड? ...नाही, मोठे दिवे नाही लावले. ओढलेत पडदे. उजव्या डोळ्याला उजेड सोसत नाही तिच्या, पाणी येतं, फ्लॅश तर डॉक्टरांनी बंदच सांगितलाय. म्हणून एकच दिवा ठेवलाय, तो पण लांब. त्याच्यावर मलमलचं फडकं टाकलंय. एवढ्या उजेडात ती डोळे उघडे ठेवू शकते. पण एवढ्यात मला काही दिसत नाही, ही पंचाईत.

कॅमेऱ्यात गो. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या मास्तरांचा तो जुना, चौकोनी. पोटाशी धरून वरून वाकून बघतात ना काचेत, तो. ...चालतो म्हणजे, उत्तम चालतो. फक्त ती काच आता नुसती करडी दिसतेय. तोंड कुठे नि भिंत कुठे, समजत नाही. आणि एवढ्याशा उजेडात भिंग पूर्ण उघडं ठेवायला लागतं. भिंग उघडं म्हणजे बोटभर पुढेमागे झालं की संपलं. डोळ्याच्या जागी कान स्पष्ट येतो. म्हणून मगापासून बाजूची कळ घुमवतेय, नि तू फोन केलास.

मोबाईल? ...आहे ना, तुझ्याशी बोलतेय त्याच्यावर.

नाही, मोबाईलवर नको म्हणते. ...का ते तुला माहीत आहे, ताई.

माहीत आहे तुला. ...बरं, मी सांगते. तू येसूबाईंना फोटो पाठवलास. होणाऱ्या सासूला. त्यांनी विचारलं, आता कशी दिसते पोर, नि तू चिपळुणात कुणाकडून तरी मोबाईलवर सगळं पुसून घेतलंस. गाल गुळगुळीत, मान गुळगुळीत. वर लिहिलंस, बरी झाली आता. ...कळलं तिला. तुझ्याच फोनवर बघितलंन.

भांडली नाही ना तुझ्याशी? ...तेच तर. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्यापाशी आली नि म्हणाली, मावशी, मला असा फोटो काढून दे की ज्याच्यावर कोणाला बोट फिरवता येणार नाही.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, निगेटिव्हवरही फिरवता येतं. बारीक टोकाची पेन्सिल घेऊन वण घालवायचे, मास्तरांनी शिकवलंय मला, अजून हात बसलेला आहे. ...हो, येतं. ...नाही, करणार नाही. तू सांगितलंस तरी नाही, भावोजींनी सांगितलं तरी नाही.

भावोजी काय म्हणतात? ...बाहेर गेलेत. बरं.

ओरडू नको. मला नीट ऐकू येतंय.

हो, तू आई आहेस. कोण नाही म्हणतंय?

...

हो. नाही मला पोर. लग्नही नाही. तीस वर्षं हे ऐकतेय, ताई. नवीन काही असेल तर बोल. ...मी भरीला नाही घातलं. कोणी कोणाला भरीला घातलं तर दोन दिवसांत उतरतं ते. हिच्या तोंडाकडे बघून मला तसं वाटत नाही.

लग्न मोडेल?

थांब. एक मिनिट थांब, ताई.

आमू... काय म्हणते ती कळलं ना तुला? ...सांगू? ...मी सांगू की तू सांगतेस? ...बरं.

ताई, बस कुठेतरी. ...बसलीस?

येसूबाईंच्या अमरदीपने बघितलंय तिला. ...हो, जहाजावरून. व्हिडिओ कॉल केला होता त्याने, तू वाडीत गेली होतीस तेव्हा. तिने ओढणी काढली नि दाखवलं सगळं. ...नाही, नाही, तोंड नाही फिरवलं त्याने. उगाच कोणाला नावं ठेवायला नकोत. रडला म्हणे बिचारा. लग्न करीन म्हणाला. तुझ्याशीच करीन म्हणाला.

ऐक ना पुढे. ...पुढे म्हणाला, आईला इतक्यात दाखवू नको. लग्नात पदर घे डोक्यावरून, फोटोवाल्याला डावीकडे उभं करू, घरी गेल्यावर हळूहळू सवय होईल सगळ्यांना. ...चांगुलपणाने म्हणाला, हो. मला पण तसंच वाटलं.

तिला नाही वाटलं.

तिने विचारलं, हळूहळू म्हणजे किती वर्षं मी डावीकडून राहायचं? तो परत पदराचंच सांगत बसला. मग ही म्हणाली, राहू दे.

हो. राहू दे म्हणजे राहू दे. साखरपुड्याची अंगठी तिने अमरदीपच्या बहिणीकडे, श्रद्धाकडे देऊन टाकलीय. मागच्या आठवड्यात, स्वतः जाऊन.

...

ताई.

ताई, श्वास घे. ...पाणी पी वाईच.

...

नाही, त्याने नाही मोडलं. हे नीट ऐक, कारण उद्या कोणी विचारलं तर हेच सांगायचंय तुला. आमच्या पोरीने मोडलं. बिचारी, नशीब फुटलं, असलं काही बोलायचं नाही. आम्रपालीने नाही म्हटलं. एवढंच.

कोण करणार तिच्याशी? ...मला ठाऊक नाही. कोणी नाही करणार कदाचित. माझ्याकडे बघ, मी जिवंत आहे.

...

रड. रडून घे. मी आहे लाईनवर.

आमू, ठीक आहे गो. रडतेय तुझी आई. ...नाही, तू उठू नको. मान हलवू नको, परत सगळं शोधायला लागेल मला.

...

हां, ताई, बोल.

नाही, हा येसूबाईंना पाठवायला नाही. अमरदीपलाही नाही. ...मग कोणाला काय, घरात लावायला. मोठा करून. तुमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला भिंत मोकळी आहे ना, तिथे. तिचा पदवीचा फोटो होता तिथे, तो तू काढून कपाटात ठेवलास म्हणे. आरसा पण काढलास बाहेरच्या खोलीतला.

तिला त्रास होऊ नये म्हणून... हो, ती तेच म्हणते. ती म्हणते, आई माझ्यासाठी आरसा काढते नि स्वतः माझ्याकडे बघत नाही.

बघत नाहीस, ताई. ...थांब, रागावू नको. मलम लावतेस, तीन वेळा लावतेस, एक दिवस चुकत नाहीस. पण तेव्हा मान त्या खिडकीकडे करतेस. मी पण बघितलंय. गणेशचतुर्थीच्या सुट्टीत आले होते मी तेव्हा. बोटांनी चाचपून लावतेस.

...

नाही, मी दोष देत नाही. तू जन्म दिलास, तुला बघवत नाही, कळतं मला. पण तिला वाटतं की तिच्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही. ...असं नसेल तुझ्या मनात. पण ती तसंच घेते. दुसरं काय घेणार?

...

काय? ...नाही, ठेवू नको फोन. वायर कानातच आहे, माझं काम अडत नाही. राहा अशीच.

आमू, दिसत नाही गो मला. आज डोळ्यांना काय झालंय कोण जाणे. तुझा डोळा आहे तिथे काहीतरी उजेडाचं पाहिजे. टॉर्च नको, टॉर्चने तुला पाणी येईल. ...उदबत्ती? ...हो, चालेल की. मास्तर पण करायचे तसं. त्या ड्रॉवरात आहे पुडा. ...नाही, तू बस, मी आणते. ...बरं, ऊठ. आण.

काही नाही ताई, उदबत्ती लावतोय. पेटलेलं टोक डोळ्याच्या बाजूला धरायचं. त्याचा लाल ठिपका काचेत दिसतो. ठिपका स्पष्ट झाला की डोळा स्पष्ट झाला. मग उदबत्ती बाजूला करायची नि फोटो घ्यायचा.

हो, डोळ्याजवळ. ...अगो लागणार कशी? बोटभर लांब धरायची. ...मी नाही, तीच धरणार. मी इथे कॅमेऱ्यापाशी आहे.

ताई, ऐक. लॅबमध्ये रोज ॲसिड हाताळत होती ती. त्या दिवशी चूक तिच्या हाताची नव्हती, जोड सुटला. बघ ना, तिनेच लावली. तिनेच धरली.

आमू, अजून वर. भुवईच्या टोकाशी. हां. डोळा मिटू नको.

दिसला.

दिसला गो ठिपका. ...मोठा आहे अजून, फुगलाय. भोकरासारखा. ...काय, ताई? बोलत राहू म्हणतेस? ...बरं. मग सांगते, तू ऐक फक्त. मी जे काचेत बघतेय तेच सांगते, मनचं काही नाही.

काचेवरचं बारकं भिंग वर काढलंय, डोळा लावलाय त्याला. आता घुमवते. ...सगळ्यात आधी कान आला. उजवा. पाळी खाली नाही राहिली, गुंडाळल्यासारखी झालीय. पण वरच्या कडेला टोचलेलं भोक शाबूत आहे. तिथे बारीक खडा घातलाय तिने. तू दिलेला. ...हो, तोच. घालून आलीय.

पुढे येते. ...गाल. ऐकतेस ना? ...गालावर कातडी ओढल्यासारखी आहे, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. भरतीचं पाणी ओसरलं की पुळणीवर रेघा राहतात ना, तशा रेघा आहेत. काही गुलाबी, काही पांढऱ्या. ओठाचा कोपरा वाईच वर खेचलाय. त्याने ती हसतेय असं वाटतं. कधी कधी खरंच हसत असते, तेव्हा फरक कळत नाही.

आता पण हसतेय. ऐकतेय ना मी काय सांगते ते.

अजून पुढे. ...ठिपका बारीक होतोय. पापण्या. खालच्या विरळ आहेत. वरच्या...

काय?

काय म्हणालीस?

...

भुवई?

...आले गो. आलेत केस. सगळे नाही. नाकाकडून अर्ध्यापर्यंत दाट आहे, पुढे विरळ. पण आलेत, काळे आहेत. ...मला दिसतात ना, एकेक केस दिसतोय. महिना झाला असेल येऊन.

...

हो. महिना.

...

रड, पण आवाज करू नको, मला हसू येईल नाहीतर रडू येईल, नि हात हलेल.

आमू, तुझ्या भुवईचं विचारतेय. ...हो, तीच विचारतेय. ...नको, तोंड नको हलवू. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, पुसू नको.

झाला ठिपका. सुईच्या टोकाएवढा. हाच डोळा. उदबत्ती खाली घे, हळू. बाकी काहीच हलवायचं नाही. मान नाही, खांदा नाही. श्वास सोड... पूर्ण सोड... आता थांब.

ताई, तू पण.

...

झाला.

झाला एक. ...नाही, एकावर नाही थांबत मी. आमू, तशीच राहा, परत. ...थांब.

झाला.

...

हां, ताई, आता बोल. बोल मोकळी. ...घेतले दोन. अजून घेईन, रोल आहे अख्खा.

नाही, आत्ता नाही बघता येत. फिल्म आहे ही. धुवायला लागते. संध्याकाळी धुते. ...ती धुणार म्हणते. डेव्हलपर मीच कालवणार म्हणते. ...हो, केमिकल. ...ताई, त्या पाण्याने फार तर बोटं पिवळी होतील. आणि पुढच्या महिन्यात परत लोट्याला जाणार आहे ती, कामावर, त्याच लॅबमध्ये. ते पण ऐकून ठेव आत्ताच, म्हणजे परत एकदा भांडायला नको.

नाही विचारलं तुला. ...सांगितलं मात्र आत्ता.

हो, जिद्दी आहे. कोणावर गेली ते मला नको विचारू. भाताची लावणी सोडून शाळेत जाते म्हणून आजोबांशी भांडलं होतं कोणीतरी, मला आठवतं. मी नव्हते ते.

...हसलीस. ऐकलं मी.

केवढा? ...भिंतीवर बसेल एवढा. हाताएवढा रुंद, त्याच्याहून उंच. ...काच नाही घालायची का? घालू. भावोजी नाही म्हणाले तर? ...नाही म्हणणार नाहीत ते. म्हणाले तर खिळा तीच ठोकेल.

जिवंत माणसाचा फोटो लावत नाहीत असं कोणी सांगितलं तुला? पदवीचा लावला होता तेव्हा काय मेली होती ती?

...

लोक आले तर बघतील. बघू दे. बघायलाच लावायचा.

नाही ताई, लहान नाही करायचा. आतल्या खोलीत नाही. हॉलमध्ये. ...नाही. ...नाही म्हटलं ना. मी हात जोडून सांगते, पण नाही.

...

बरं, तो तुझा निर्णय. नाही लावलास तर ती कंपनीच्या खोलीवर घेऊन जाईल, तिथे लावेल. फोटो होणार, तो कुठेतरी लागणार. तुझ्या घरात लागावा असं तिला वाटतं, म्हणून विचारतेय.

...

काय? ...उद्या?

उद्या ये ना. पहिल्या एसटीने ये. संध्याकाळपर्यंत थांब, परवा दोघी जा. ...भावोजींना पण घेऊन ये. ...भाकरीचं पीठ आहे घरात, त्याची काळजी तू कशाला करतेस?

थांब, ती काहीतरी म्हणतेय.

...हां. म्हणते, तुला स्टँडवर न्यायला ती येणार. मी नाही, ती. ...हो, एकटी. ...ताई, रत्नागिरीचा स्टँड आहे, गर्दी असणारच. ...नाही, ओढणी नाही घेणार. ऊन असलं तर काळा चष्मा घालेल, डोळ्यासाठी. बाकी तोंड उघडं.

हो, सगळ्यांसमोर.

म्हणते, गाडीतून उतरलीस की इकडेतिकडे बघत बसू नको. मी फलाटावर समोरच उभी असेन. माझ्याकडे बघ.

...

ताई?

...

बरं. सांगते तिला.

आमू, येते म्हणाली.

ठेवते गो मी आता. ही स्टुलावर ताटकळलीय, नि रोल अजून संपवायचाय.